माशाची दृष्टी व माशावरील दृष्टी

शेळगाव व आसपासची गावे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेली; इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमेवर उजनीचा विस्तीर्ण जलाशय. तेव्हा या भागातील मुलास मासा पुस्तकातून शिकवावा लागत नाही. चिलापी, मरळ, रोहू ही नावे तो घरूनच शिकून येतो. आपण काठावर उभे राहताच मासे खोल जातात, हेही त्याने पाहिलेले असते. मात्र ते का जातात, असे विचारले असता 'आपण आलो म्हणून' यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाही. पावलांचा हादरा, अंगाची पडछाया व आपली नजर ही तीन निरनिराळी कारणे होत. हादरा माशास अंगाच्या दोन्ही बाजूंवरील पार्श्वरेषेने कळतो. पडछाया व नजर मात्र डोळ्यांचा विषय आहे.

बहुतेक माशांना पापण्या नसतात. त्यांच्या डोळ्यातील भिंग गोटीसारखे वाटोळे असून, जवळचे वा दूरचे पाहताना मासा ते मागेपुढे सरकवितो. पाण्याबाहेरचे जग त्यास डोक्यावरील एका गोल झरोक्यातून दिसते. प्रकाशकिरण पाण्यात शिरताना वाकत असल्यामुळे आभाळापासून काठापर्यंतचे सारे दृश्य सुमारे ९७ अंशांच्या शंकूत सामावते. काठावर ताठ उभा असलेला मनुष्य या झरोक्याच्या कडेस दिसतो. तोच खाली बसला की जवळजवळ दिसेनासा होतो. गळ टाकणारे उकिडवे बसतात, त्यास हा आधार आहे.

आता नजरेविषयी. चिलापी मूळची आफ्रिकेतील; ती १९५२ च्या सुमारास भारतात आली. तिची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, आणि धोका दिसताच बाहेर फिरणारी पिले आईच्या तोंडाकडे धाव घेतात. संतवाङ्मयात कासवी केवळ दृष्टीने पिलांना पोसते असा दृष्टांत आहे. चिलापीची माया अधिक रोकडी म्हणावी लागेल. याच कुळातील एका आफ्रिकी माशाच्या पिलांवर कॅलिफोर्निया विद्यापीठातील रिचर्ड कॉस यांनी प्रयोग करून ते १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. समोरून रोखलेल्या दोन डोळ्यांसारखी, शेजारी शेजारी मांडलेली चिन्हे दिसताच पिले दूर सरत. यात नवल नाही. भक्ष्यावर झेप घेणारा मासा समोरून येतो, व समोरून येणाऱ्याचे दोन्ही डोळे दिसतात. बाजूने निघून जाणाऱ्याचा एकच.

परंतु येथे शिक्षकाने सावध असावे. दोन डोळ्यांसारखी खूण पाहून दूर सरणे निराळे आणि 'कोणी आपणास पाहत आहे' हे जाणून वर्तन बदलणे निराळे. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण समुद्रात मिळते. प्रवाळखडकांजवळ बोटाएवढा एक सफाई करणारा मासा असतो. तो मोठ्या माशांच्या अंगावरील परजीवी खातो. पण त्याला खरी गोडी त्यांच्या अंगावरील चिकट द्रवाची, आणि तो चोरून खाल्ला की गिऱ्हाईक बिथरते. बशारी व ग्रटर या संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले की, दुसरा मासा पाहत असताना हा सफाईवाला चोरी कमी करतो. पाहणारे हेच पुढचे गिऱ्हाईक! तपासणीच्या दिवशी शाळा कशी नीटनेटकी असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांस अधिक सांगणे नको.

वर्गात प्रयोग करावयाचा तर शाळेतील काचेच्या पेटीत चार-पाच लहान मासे पुरेत. मुलांना शेततळ्यावर मात्र नेऊ नये. तेथील प्लॅस्टिकच्या अस्तरावरून घसरलेला पाय पुन्हा वर येत नाही. चार सारखी पुठ्ठे घ्यावीत : एक कोरे, एकावर एक काळे वर्तुळ, एकावर दोन वर्तुळे शेजारी शेजारी, एकावर तीच वर-खाली. पुठ्ठा धरणाऱ्याने स्वतः आडोशास राहावे, काचेवर टकटक करू नये. किती मासे मागे सरले व किती वेळाने परतले, हे दुसऱ्या मुलाने टिपावे. एकच खूण वारंवार पाहून मासे तिला सरावतात. म्हणून दोन खेपांत बराच अवकाश ठेवावा व पुठ्ठ्यांचा क्रम दररोज बदलावा. टिपणात 'मासा घाबरला' असे लिहू न देता 'मासा मागे सरला' एवढेच लिहवून घ्यावे.