रंगाचा डबा शेवटी उघडा

बीबीसी मायक्रो, झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर 64. 1981-82 च्या सुमारास बाजारात आलेल्या या यंत्रांवर ब्रिटन-अमेरिकेतल्या एका सबंध पिढीनं प्रोग्रॅमिंगची मुळाक्षरं गिरवली. आज ती माळ्यावरून, जुन्या बाजारातून बाहेर येतात आणि हौशी मंडळी त्यांना पुन्हा चालतं करतात. कुणी केसिंगला नवा रंग देतं, कुणी तुटलेलं बटण थ्रीडी प्रिंटरवर छापतं, कुणी बाजारातून कधीच नाहीशी झालेली चिप घरी बसून नव्यानं जुळवतं. डोळ्यांत भरतं ते रंगकाम. नव्या माणसाचा हातही आधी तिकडेच जातो. पण घाईनं दिलेला रंगच पुढे सगळ्यात जास्त नडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात विजेपासून व्हायला हवी. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये, मेन्सची वीज जिथून आत येते तिथेच, पिवळसर पारदर्शक कवचाचा एक चौकोनी कपॅसिटर असतो. कवचाच्या आत कागदाचे थर. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर कवचाला केसासारखे तडे जातात आणि हवेतला ओलावा कागदात मुरतो. मग एखादा उत्साही वारसदार प्लग लावतो. पडदा उजळतो, ओळखीचा ‘बीप’ ऐकू येतो, घरातले टाळ्या वाजवतात. थोड्या वेळानं फट्‌ असा आवाज होतो आणि खोलीभर कडवट, दाट धूर पसरतो. यात समाधानाची बाब एवढीच, की हा कपॅसिटर फक्त विजेतला खरखराट गाळण्यासाठी असतो. तो गेला तरी यंत्र बहुधा वाचतं. त्याच्या जागी आजचा पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर बसवायला फारसा खर्च येत नाही.

कमोडोरचं दुखणं याहून वाईट, कारण ते धूर काढत नाही. त्याचा विटेएवढा अडॅप्टर आतून इपॉक्सीनं भरून टाकलेला असतो, त्यामुळे उघडून दुरुस्त करायची सोय नाही. त्यातला रेग्युलेटर म्हातारा झाला की पाच व्होल्टच्या जागी जास्त दाब सोडू लागतो आणि मेमरीच्या चिपा मुकाट्यानं जळतात. म्हणून जाणकार मूळ अडॅप्टर मल्टिमीटर लावून तपासल्याशिवाय यंत्राला जोडत नाहीत. बरेच जण तो बाजूला ठेवून नवाच तयार करतात.

आता पिवळेपणाकडे येऊ. ही केसिंगं बहुतेक एबीएस प्लॅस्टिकची. प्लॅस्टिकनं आग धरू नये म्हणून त्यात अनेकदा ब्रोमिनयुक्त रसायनं मिसळलेली असत आणि पिवळेपणाचा दोष सहसा त्यांच्यावर जातो. एबीएसमधल्या ब्युटाडाइनचं ऊन आणि हवा लागून होणारं ऑक्सिडीकरणही तितकंच कारणीभूत असतं. म्हणूनच एकाच यंत्राचं वरचं झाकण हळदीसारखं पिवळं आणि खालचं जवळपास कोरं, असं दिसतं. कित्येक कीबोर्डांत बाकीची बटणं पांढरी राहतात आणि स्पेसबार तेवढा पिवळा पडतो, कारण तो वेगळ्या प्लॅस्टिकचा असतो.

2008 च्या सुमारास हौशी लोकांनी यावर उपाय काढला: हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. ब्यूटी पार्लरमध्ये केसांचा रंग फिका करायला जे क्रीम वापरतात, तेच केसिंगला फासायचं, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा आणि उन्हात ठेवायचं. काही तासांत मूळ रंग परत येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादूच वाटते. पण क्रीम एका ठिकाणी सुकलं, तर तिथे संगमरवरासारखे पट्टे उठतात आणि ते काढता काढता नाकी नऊ येतात. शिवाय काही वर्षांत पिवळेपणा पुन्हा डोकावू लागतो, यंत्र अंधारात ठेवलं तरीही.

म्हणून मग रंग. तो चांगला द्यायचा तर मेहनत आहे. केसिंग पूर्ण सुटं करून भांड्याच्या साबणानं धुवायचं, बारीक वॉटर पेपरनं हलकं घासायचं, प्लॅस्टिकला धरणारा प्रायमर मारायचा आणि मग स्प्रेचे पातळ पातळ हात द्यायचे. एकच जाड हात मारला तर ओघळ येतात. रंगाची छटा जुळवायची ती बाहेरच्या पृष्ठभागावरून नव्हे. तळाचं लेबल जपून उचलावं किंवा झाकणाची आतली बाजू बघावी; तिथे ऊन पोहोचलेलं नसतं, म्हणून कारखान्यातला मूळ रंग तिथेच सापडतो.

इतकं करूनही एक गोष्ट जाते ती जातेच. या केसिंगांच्या पृष्ठभागावर साच्यातूनच आलेला बारीक दाणेदार पोत असतो. बोट फिरवलं की तो जाणवतो. प्रायमर आणि रंग मिळून हे दाणे बुजवतात आणि घासताना त्यांची टोकं झिजतात. पुढे कुणी रंग उतरवायचं ठरवलं तर कडक द्रावण रंगाबरोबर एबीएसलाही खातं. चिप सॉकेटमधून काढून परत बसवता येते, कपॅसिटर पुन्हा बदलता येतो. पोत मात्र परत आणता येत नाही. ज्या केसिंगला आधीच कुणी ऑइलपेंट फासलंय, मार्करनं गिरगटलंय किंवा जे फुटून जोडलेलं आहे, त्याला जरूर रंग द्यावा, आवडेल तो द्यावा. नुसतं पिवळं पडलेलं, पण अखंड केसिंग तसंच राहू द्यावं.

घरी बनवलेल्या भागांबद्दल मी एवढा कडक नाही. फुटक्या केसिंगचे एबीएसचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्याची दाट लापशी करतात आणि तडा त्याच प्लॅस्टिकनं आतून भरून काढतात. स्क्रू बसायच्या मोडक्या खुंट्याही अशाच पुन्हा उभ्या राहतात. हरवलेली बटणं छापताना पीएलए टाळलेलं बरं. साठेक अंशांना ते मऊ पडतं आणि उन्हात ठेवलेल्या गाडीत सहज वाकतं.

या सगळ्यात मला सर्वांत मोठं वाटतं ते स्पेक्ट्रमच्या यूएलए चिपचं काम. स्पेक्ट्रमचं साधं मॉडेल 125 पौंडांना देता आलं, याचं एक मोठं कारण ही फेरँटी कंपनीची चिप होती. चित्र, आवाज, कीबोर्ड, कॅसेट अशी कितीतरी कामं ती एकटी सांभाळायची. ती जळली की यंत्र संपलं, कारण दुसरी कुठेच बनत नव्हती. ख्रिस स्मिथ यांनी तिच्या आतल्या सिलिकॉनचे फोटो अभ्यासून एकेक जोडणी उलगडली आणि 2010 मध्ये त्यावर सबंध पुस्तक लिहिलं. त्यांच्या हार्लेक्विन बोर्डात यूएलएचं काम साध्या, कुठेही मिळणाऱ्या लॉजिक चिपांच्या ताफ्यावर सोपवलेलं आहे. एका हौशी माणसानं केलेलं हे संशोधन कुठल्याही विद्यापीठाला शोभावं असं आहे. अशा कामाची गरज वाढतच जाणार. स्पेक्ट्रमचा झेड 80 प्रोसेसर 1976 पासून बनत आला. सुट्या झेड 80 च्या शेवटच्या ऑर्डरी झायलॉगनं 2024 मध्ये घेतल्या.

इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कच्या आवारात, राष्ट्रीय संगणन संग्रहालयात 1951 चा हार्वेल डेकाट्रॉन हा अडीच टनांचा संगणक 2012 मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याचं मोल त्याच्या अस्सल भागांत आहे, हे तिथल्या लोकांनी जाणलं. घरच्या टेबलावरही हाच रिवाज हवा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून त्यावर तारीख लिहावी आणि काय बदललं याची चिठ्ठी केसिंगच्या आत ठेवावी. चिठ्ठी नसेल, तर पुढच्या माणसाला अस्सल कुठलं आणि घरचं कुठलं हे कळायला मार्ग उरत नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. 1984 मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा वर्गांत आले ते बीबीसी मायक्रोच. स्पेक्ट्रमही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावानं भारतात विकला. कोकण-गोव्याच्या दमट हवेत अशा यंत्रांच्या सॉकेटांना हिरवट कळंक चढतो. मेलेलं वाटणारं यंत्र कधी कधी चिपा हलक्या हातानं उचलून पुन्हा बसवल्यावर बोलू लागतं. तुमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत असा संगणक दिसला, तर भंगारवाल्याला आधी थांबवा. प्लग लावू नका. मागची लेबलं आणि क्रमांक यांचे फोटो काढा आणि जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून पॉवर सप्लाय उघडून घ्या. जवळ फ्लॉप्या किंवा कॅसेटी पडल्या असतील, तर त्या यंत्राच्याही आधी उचला: त्यांच्यावर त्या शाळेतल्या मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम असू शकतात आणि त्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसेल.