विश्लेषण : नियम मोडला म्हणून ‘साधी’ ठरलेली वाइन जगात महाग कशी झाली?

ब्रिटनच्या राजघराण्याची सून होण्यापूर्वी अभिनेत्री मेगन मार्कल ‘द टिग’ नावाचे जीवनशैलीविषयक संकेतस्थळ चालवत असे. ‘टिग’ हे नाव आले एका इटालियन रेड वाइनवरून. ती वाइन म्हणजे तिन्यानेल्लो. आज जगभरातले संग्राहक तिच्यासाठी भरपूर पैसे मोजतात, पण १९७१च्या हंगामातली तिची बाटली बाजारात आली तेव्हा इटलीच्या कायद्याने तिला सर्वात खालच्या वर्गात टाकले होते. ‘विनो दा ताव्होला’, म्हणजे रोजच्या जेवणासोबतची साधी वाइन. असे का झाले?

नियम नेमका काय होता?

फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधल्या टेकड्यांवर कियांती ही वाइन बनते. तिचे मुख्य द्राक्ष काळे सांजोवेसे. मात्र १९६७च्या नियमावलीनुसार कियांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे मिसळणे सक्तीचे होते. रेड वाइनमध्ये पांढरी द्राक्षे कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल. याचे मूळ १८७२ मध्ये बेत्तिनो रिकासोली यांनी सांगितलेल्या मिश्रणात आहे. रिकासोली इटलीचे माजी पंतप्रधान आणि स्वतः मोठे बागाईतदार. गंमत अशी की, लवकर पिण्याच्या वाइनमध्ये पांढरे माल्वाझिया द्राक्ष चालेल, मुरवायच्या वाइनमध्ये ते टाळलेले बरे, असेच त्यांचे म्हणणे होते. कायदा करताना त्यातला दुसरा भाग गळला. त्यात त्रेब्बियानो या भरघोस पिकणाऱ्या, पण चवीला फिक्या पांढऱ्या द्राक्षाचीही भर पडली. परिणामी कियांती पातळ होत गेली, तिचे नाव घसरले आणि भावही.

पिएरो अँटिनोरी यांनी काय केले?

अँटिनोरी हे फ्लॉरेन्सचे जुने घराणे. त्यांचा एक पूर्वज १३८५ मध्ये शहरातल्या वाइन उत्पादकांच्या संघात दाखल झाल्याची नोंद आहे. १९६६ मध्ये कारभार पिएरो यांच्या हाती आला. त्यांचे मावसोबा मारिओ इंचिझा देल्ला रोकेत्ता यांनी समुद्राजवळच्या बोल्गेरीत काबर्ने सोविन्यों या फ्रेंच द्राक्षापासून सास्सिकाया ही वाइन बनवली होती आणि १९६८चा हंगाम विक्रीला आणला होता. म्हणजे वेगळी वाट घरातच दिसत होती.

तिन्यानेल्लोची १९७० मधली पहिली बाटली कियांती क्लासिको म्हणूनच निघाली. पुढच्याच हंगामात पिएरो यांनी तो शिक्का सोडला आणि फक्त बागेचे नाव ठेवले. १९७५ पासून पांढरी द्राक्षे पूर्ण बंद झाली. १९८२ पासून प्रमाण जवळपास ठरलेले आहे : सांजोवेसे ८० टक्के, काबर्ने सोविन्यों १५ आणि काबर्ने फ्रांक ५ टक्के.

हे मिश्रण जमते कसे?

सांजोवेसेत आंबटपणा आणि तुरटपणा भरपूर, पण रंग गडद नसतो आणि चवीचा मधला भाग कधीकधी पोकळ वाटतो. जाड सालीचे काबर्ने तिथे रंग आणि भरीवपणा देते. ८० टक्के वाटा स्थानिक द्राक्षाचाच राहिल्याने वाइन टस्कनीचीच वाटते, फ्रान्सची नक्कल वाटत नाही.

द्राक्षांइतकाच फरक पिंपांनी पाडला. त्या भागात वाइन प्रचंड मोठ्या लाकडी पिंपांत ठेवत. अँटिनोरींचे वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकीस यांनी ओकच्या लाकडाची साधारण २२५ लिटरची लहान पिंपे आणली. पिंप लहान असले की प्रत्येक लिटर वाइनच्या वाट्याला लाकडाचा जास्त पृष्ठभाग येतो. लाकडातून झिरपणाऱ्या अगदी थोड्या प्राणवायूने तुरटपणा मऊ होतो. बोर्दोचे प्राध्यापक एमिल पेनो यांच्या सल्ल्याचाही यात वाटा होता. कच्च्या सफरचंदात असते तसे बोचरे मॅलिक आम्ल जिवाणूंकरवी लॅक्टिक आम्लात बदलू देणे, यावर त्यांचा भर असे. लॅक्टिक म्हणजे आपल्या ताकातले, तुलनेने सौम्य आम्ल.

बाग कशी आहे?

ग्रेव्हे आणि पेसा या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधल्या टेकडीवर, समुद्रसपाटीपासून ३५० ते ४०० मीटर उंचीवर सुमारे ५७ हेक्टरची ही बाग आहे. दिवसा ऊन कडक, रात्री गारवा. जमिनीतून निघणारे ‘अल्बेरेझे’ हे फिकट चुनखडी दगड फोडून वेलींच्या बुंध्याशी पसरले जातात. ते ऊन परावर्तित करून घडांवर टाकतात. त्याच टेकडीवर ‘सोलाया’ ही दुसरी नामवंत वाइन पिकते. तिच्यात काबर्ने जास्त, सांजोवेसे कमी.

पीक मनासारखे नसेल तर त्या वर्षी वाइनच काढायची नाही, हा इथला शिरस्ता. १९७२, १९७३, १९७४, १९७६, १९८४, १९९२ आणि २००२ या वर्षांची तिन्यानेल्लो अस्तित्वातच नाही. पहिल्या सात हंगामांतले चार असे सोडून देणे, तेही नवे नाव रुजवायचे असताना, हे छातीचेच काम म्हणायचे.

मग कायदा बदलला का?

बदलला, पण सावकाश. ‘साधी’ वाइन कियांतीपेक्षा महाग विकली जाऊ लागली आणि इतरही बागाईतदार त्याच वाटेने गेले. इंग्रजी वाइन-लेखकांनी या बंडखोर वाइनना ‘सुपर टस्कन’ म्हणायला सुरुवात केली. १९८४ मध्ये पांढऱ्या द्राक्षांचे सक्तीचे प्रमाण नाममात्र उरले. १९९२च्या कायद्याने ‘आयजीटी’ हा मधला वर्ग आणला. कियांती क्लासिकोत तर २००६च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांवर बंदीच आली.

महाराष्ट्रात याचा एक धागा सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला पोहोचतो. तिथल्या फ्रातेल्ली वाइनरीत इटालियन भागीदार आहेत आणि टस्कनीचे पिएरो मासी यांनी तिथे वाइन घडवली. त्यांची ‘सेत्ते’ ही रेड वाइन सांजोवेसे आणि काबर्ने सोविन्यों यांच्याच मिश्रणाची. उष्ण माणदेशी हवेत सांजोवेसेचा आंबटपणा टिकवणे सोपे नसते, हे मात्र लक्षात घ्यायला हवे.

आज कियांती क्लासिकोच्या नियमांत किमान ८० टक्के सांजोवेसे आणि बाकी इतर काळी द्राक्षे चालतात. म्हणजे तिन्यानेल्लोला हवे तर परत त्या नावाखाली येता येईल. पण बाटलीवर अजूनही लिहिलेले असते ते ‘टोस्काना आयजीटी’.