घराला रंग देण्याआधी



घट बसायच्या आधी आपल्याकडे दसरा काढतात. वाकळा, गोधड्या धुवायला जातात, फळीवरची भांडी घासून निघतात, जळमटे काढली जातात. दिवाळी तोंडावर आली की भिंतींचा विषय निघतो. औंदा रंग द्यायचा का? आणि मग गटाच्या मासिक बैठकीत 'घरदुरुस्ती' असे कारण लिहिलेले कर्जाचे अर्ज येऊ लागतात.

याच दिवसांत घर भरते. मुंबईत माथाडीचे काम करणारा भाऊ येतो, पलटणीतला दीर सुट्टीवर येतो. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई व्यवसायातली माणसे देशाच्या कानाकोपऱ्यातून गावाकडे येतात. भाऊबीजेला लेकी येतात. सगळे एकत्र असल्यावर कोणीतरी म्हणतेच, "चला, एक फोटो काढू."

म्हणून आज आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. घराचा वर्षाचा फोटो कसा काढावा आणि जपावा, एक खोली नीट कशी करावी, आणि त्यासाठी कर्ज उचलण्याआधी कुठला कागद पाहावा. या तिन्हींत एकच प्रश्न लपलेला आहे: या घरात बाई कुठे आहे?

फोटोत कोण असते?

आपल्या घरांच्या सोप्यात बघा. आजोबांचा हार घातलेला फोटो असतो. आजीचा असतोच असे नाही. असला तर बऱ्याचदा ती गेल्यावर मतदान कार्डावरून किंवा लग्नाच्या घोळक्यातून काढून मोठा केलेला असतो. आमच्यापैकी कितीतरी जणींचा एकटीचा पहिला फोटो निघाला तो गटाच्या बँक खात्यासाठी, पासबुकावर चिकटवायला.

घरचा फोटो काढताना तीन माणसे राहून जातात. एक, जी मोबाईल धरून उभी असते ती सून. दोन, "मला कशाला" म्हणत आत जाणारी विधवा जाऊ किंवा सासू. तीन, चुलीपुढून उठता न आलेली बाई. हे कोणी मुद्दाम करत नाही, पण दहा वर्षांचे फोटो मांडले तर ती कुठेच दिसत नाही.

विधवांबाबत एक गोष्ट सांगतो. सांगलीला लागूनच, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पती गेल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, समारंभातून बाजूला ठेवणे, हे गावात करायचे नाही असे ठरले. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. ठराव गावाचा असतो, पण तो पाळायचा कुठे? आपल्या अंगणात, फोटोच्या ओळीत. तिला मध्ये बसवा.

काढायचा कसा, जपायचा कसा

दर वर्षी एकच दिवस ठरवा: दिवाळी पाडवा, भाऊबीज किंवा गावची यात्रा. जागाही एकच ठेवा, म्हणजे तुळशीपुढे किंवा घराच्या पायरीवर. त्याच पायरीवर पोर दर वर्षी किती वाढले, घर कसे बदलले, हे मग आपोआप दिसते. सकाळचे कोवळे ऊन किंवा सावली चांगली. ऊन माणसांच्या पाठीमागे असले तर तोंडे काळी येतात. मोबाईलची काच पदराने पुसून घ्या. मोबाईल खुर्चीवर किंवा विटांवर टेकवून टायमर लावला की काढणारीही फोटोत येते.

मग तो छापून घ्या. मोबाईल पाण्यात पडला, बिघडला, पोराने बदलला की सगळे जाते. एक साधी प्रत काढायला फार खर्च येत नाही. मागे पेन्सिलीने वर्ष, गाव आणि प्रत्येकाचे नाव लिहा. बॉलपेन दाबून लिहिले तर पुढे वळ उठतो. आणि नाव म्हणजे नाव, "थोरली सून", "धाकटीची पोरगी" असे नको. याच सातारा जिल्ह्यात मुलगी नको म्हणून 'नकोशी', 'नकुसा' अशी नावे ठेवलेल्या मुली होत्या. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात कार्यक्रम होऊन २८५ मुलींना नवी नावे मिळाली. नाव लिहिणे ही लहान गोष्ट नाही.

कृष्णा-वारणेच्या काठावरच्या मैत्रिणींसाठी आणखी थोडे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैतही पुन्हा पूर आला. भांडी परत घेता आली, फोटो नाही. म्हणून एक प्रत माहेरी किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे ठेवा. घरातली प्रत कागदपत्रांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, म्हणजे निघताना एकच पिशवी उचलायची.

फोटो भिजलेच तर एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलके सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. उन्हात घालू नका, इस्त्री फिरवू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकट तसाच ठेवा आणि वरून मोबाईलने त्याचा फोटो काढून घ्या. भिंतीवर लावताना फ्रेमच्या मागे पुठ्ठ्याचे किंवा बुचाचे तुकडे चिकटवा. हवा खेळली की ओल धरत नाही.

आधी कुठली खोली?

रंग द्यायचा ठरला की पहिला मान सोप्याचा. पाहुणे तिथे बसतात. दुसरा मान दर्शनी भिंतीचा. स्वयंपाकघर राहते शेवटी, आणि पैसे संपले की पुढच्या वर्षावर जाते. ज्या खोलीत बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत असते, तीच सगळ्यात काळी, अंधारी आणि ओली. आमचे म्हणणे आहे की एकाच खोलीपुरते पैसे असतील तर ती खोली स्वयंपाकघर असू द्या.

तिथे रंगाच्या आधी चार कामे बघा. धूर बाहेर जायला वरच्या बाजूला झरोका किंवा जाळी आहे का? गॅस आला तरी पाणी तापवायला चूल बऱ्याच घरांत पेटतेच. दिवा कुठे आहे? तो पाठीमागे असला तर आपलीच सावली तव्यावर पडते, म्हणून तो ओट्याच्या वर घ्या. ओटा किती उंच? गवंडी त्याच्या मापाने बांधतो. तुम्ही उभ्या राहा, कोपर वाकवा आणि कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली खूण करा. ते तुमचे माप. कंबरदुखीचा निम्मा हिशेब इथेच असतो. आणि सांडपाणी भिंतीच्या पायात मुरते की दूर जाते?

गळती, ओल, मग रंग

हा क्रम मोडला की पैसे वाया जातात. पत्र्याच्या खिळ्यातून किंवा स्लॅबच्या कडेने पाणी येत असेल तर आधी ते बंद करा. मग भिंत वाळू द्या. पावसाळा संपल्यासंपल्या ओल्या भिंतीवर ऑइल पेंट दिला तर आतली ओल बाहेर यायला वाट शोधते आणि रंगाला फुगे येतात. पूर आलेल्या घरात तर फुगलेला गिलावा खरवडून, दारे-खिडक्या उघड्या ठेवून भिंत पूर्ण वाळायला हवी. त्याला कित्येक महिने लागतात. पुराच्या वर्षी रंगाचा आग्रह धरू नये.

काजळीवर चुना किंवा रंग धरत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भिंत घासून घ्या आणि वाळवा.

जुन्या दगडी आणि मातीच्या भिंतींना चुनाच चांगला, कारण तो भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. कळीचा चुना आदल्या दिवशी लोखंडी पिंपात भिजवा. आधी पाणी घ्या आणि त्यात थोडा थोडा चुना सोडा. तो उकळतो, उडतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून पोरांना लांब ठेवा आणि हातपाय झाका. गाळून घेऊन थोडी नीळ आणि डिंकाचे पाणी घातले की पांढरा उठतो आणि हाताला कमी लागतो. छत पांढरे ठेवा. दिवसा दिवा लावावा लागत नाही.

हिशेब गटाच्या वहीत

खोलीचे माप स्वतः काढा. समजा खोली १० बाय १२ फूट आणि भिंत ९ फूट उंच. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट. दाराचे २१ आणि खिडकीचे १२ वजा केले की राहिले ३६३. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होते ते डब्यावर छापलेले असते. दोन हात द्यायचे की एक, हे दुकानदाराला विचारा आणि भागाकार करा. मग कोणी दोन डबे जास्त देऊ शकत नाही.

आता कर्ज. गटातून १०,००० रुपये घेतले, शेकडा महिना २ रुपये व्याज, आणि दर महिन्याला १,००० मुद्दल असे दहा हप्ते. व्याज राहिलेल्या मुद्दलावर लावले तर पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, असे उतरत जाऊन एकूण १,१०० रुपये होतात. बाहेरची एखादी व्यक्ती पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत तेच २ टक्के लावते, तेव्हा २,००० होतात. दर एकच, फरक ९०० रुपयांचा. म्हणून "टक्का किती" एवढेच विचारू नका, "कशावर" तेही विचारा.

गळती, धुराची जाळी, ओटा यासाठी कर्ज घेणे समजते. नुसत्या रंगासाठी, सणाला शेजारी काय म्हणतील म्हणून घेऊ नये. त्यासाठी वर्षभर थोडे बाजूला टाकावे.

उताऱ्यावर नाव कोणाचे?

आता मुद्द्याची गोष्ट. कर्ज बाईच्या नावावर असते. हप्ता ती भरते, कोंबड्या विकून, शिलाई करून, रोजगाराला जाऊन. आणि ज्या भिंतीवर ते पैसे जातात, ते घर कोणाच्या नावावर असते?

ग्रामपंचायतीत जा आणि घराचा नमुना ८ चा उतारा मागा. २००३ साली शासनाने 'घर दोघांचे' हा निर्णय घेतला. त्यानुसार घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करता येते. त्यासाठी दोघांच्या सहीचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा आणि पोच घ्यावी. नोंद झाल्यावर नवा उतारा हातात येईपर्यंत पाठ सोडू नये. हा उतारा कर आकारणीचा असतो. एवढ्याने पूर्ण मालकी सिद्ध होत नाही, तरी कागदावर आपले नाव असल्याने खूप गोष्टी बदलतात. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर कोणाची नावे लागली तेही बघा. घरकुल मंजूर झाले असेल तर प्रधानमंत्री आवास योजनेत ते पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे करण्याचा नियमच आहे.

नाव नसले तरी बाई रस्त्यावर आली असे नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने, घरावर नाव असो वा नसो, तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. कायद्याची रीत पाळल्याशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

घरात हा विषय कसा काढायचा? भांडून नव्हे. कर्जाचा अर्ज भरायच्या दिवशी काढा. "हप्ता मी भरणार, तर उताऱ्यावर माझेही नाव लावू," असे शांतपणे म्हणा. सासूबाई असतील तर त्यांनाही सोबत घ्या, त्यांनीही याच भिंती सारवल्या आहेत. आणि गटांनी एक साधा नियम करावा. घरदुरुस्तीच्या कर्जाच्या अर्जासोबत नमुना ८ ची प्रत जोडायची. नाव नसेल तर कर्ज अडवायचे नाही, पण 'घर दोघांचे' चा अर्ज त्याच बैठकीत लिहून द्यायचा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा आणावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारणीने वाचून दाखवावा.