बांधीत टेन्शन, प्रथिनं इन अ‍ॅक्शन!

बालाघाट जिल्ह्यातलं परसवाडा म्हणजे धानाचा मुलूख. कधी ऊन भाजून काढतं, कधी बांधी तुडुंब, तर कधी पाऊस दडी मारतो आणि जमिनीला भेगा! माणूस सावलीला पळतो. धानाला पायच नाहीत! मग ते जागेवरच प्रथिनांना हाका मारतं. कोण कोण धावून येतं, माहीत आहे का?

गुपित फोडलं माशीनं!
१९६२. इटलीचे फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या पेशी बघत होते. कुणीतरी उबवणीयंत्राचं तापमान वाढवलं आणि गुणसूत्रं भलत्याच जागी फुगली! त्यातूनच पुढे सापडली 'हीट शॉक' प्रथिनं. उन्हानं इतर प्रथिनांची घडी विस्कटली की ही ती सावरतात. माशीत, माणसात आणि धानातही!

उकळा, तरी ढिम्म!
अंड्याचा पांढरा भाग उकळला की घट्ट होतो. पण 'लिआ' नावाची प्रथिनं उकळली तरी पाण्यात विरघळलेलीच! ती आधी कुठं सापडली, माहीत आहे का? कपाशीच्या बीमध्ये! वऱ्हाडकरांनो, कॉलर टाइट करा. बी वाळतं तेव्हा आतल्या पेशी हीच सांभाळतात.

पाण्याखाली ध्यानधारणा
बुडालेलं साधं धान श्वासासाठी भराभर उंच होतं आणि दमून मरतं. 'सब-१ए' प्रथिन असलेलं धान मात्र वाढच थांबवतं, साखर वाचवतं आणि जवळपास दोन आठवडे तग धरतं. हे प्रथिन बनवणारा जनुक आला ओडिशाच्या देशी धानातून, शोध जाहीर झाला २००६ मध्ये, आणि २००९ मध्ये 'स्वर्णा-सब१' हे त्याचं वाण भारतातल्या शेतात हजर. घाई करेल तो बुडेल!

कोदो-कुटकी, लय हुशार
रुबिस्को हे जगातलं सर्वात विपुल मानलं जाणारं प्रथिन. पण धांदरट! कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजन पकडतं, आणि उन्हात तर जास्तच. कोदो-कुटकीनं त्याच्याआधी दारावर दुसरं प्रथिन बसवलंय. ते ऑक्सिजनला फसतच नाही. नो एंट्री म्हणजे नो एंट्री!

ताणाची स्पेशल संस्था
पिकांच्या टेन्शनवर अख्खी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, माहीत आहे का? बारामतीजवळ, माळेगाव खुर्दला, २००९ पासून. दुष्काळ, उष्णता, खारी जमीन हेच तिथले रोजचे विषय.

बिघाड? नव्हे, घमघमाट!
बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेही सुगंधासाठी प्रसिद्ध म्हणून. आता बासमतीची गंमत ऐका. तिथं 'बीएडीएच-२' हे प्रथिन नीट काम करत नाही, म्हणूनच वासाचं रसायन साठतं आणि भात घमघमतो! प्रथिनानं दांडी मारली तर तांदळाचा भाव वाढतो. आपण मारली तर पगार कापतात!