सहलीसाठी जुनी ‘फोर बाय फोर’ : आधी गाडीखाली वाकून पाहा

पावसाळ्यात पवना धरणाच्या काठी किंवा भंडारदऱ्याच्या परिसरात तंबू ठोकून मुक्काम करण्याची हौस पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना आता चांगलीच जडली आहे. डांबरी रस्ता संपून शेताच्या बांधालगतची शेवटची दोन-तीनशे मीटरची चिखलवाट आली, की साध्या मोटारीची चाके जागच्या जागी फिरू लागतात. मुलांना उतरवून मोटार ढकलली जाते आणि अखेर गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. असा प्रसंग एकदा घडला, की घरात ‘फोर बाय फोर’चा विषय निघतो. चारही चाकांना ताकद देणारी नवी गाडी अनेकांच्या आवाक्याबाहेरची असल्याने पावले साहजिकच जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतात.

मात्र साधी जुनी मोटार पारखणे आणि जुनी ‘फोर बाय फोर’ पारखणे यांत फरक आहे. साध्या मोटारीचे इंजिन, गिअर आणि पत्रा पाहिला, की बरेचसे काम होते. येथे त्याखेरीज इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे वळवणारी ‘ट्रान्स्फर केस’, पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि पुढचा डिफरन्शियल अशी आणखी एक यंत्रणा असते. गाडी उभी असताना ती दिसत नाही आणि डांबरी रस्त्यावर फेरफटका मारला तरी तिचे दुखणे कळत नाही. ती बिघडलेली असली तरी गाडी मागच्या दोन चाकांवर सुखाने पळते. दोष उमगतो तो मुक्कामाच्या वाटेवर, अंधार पडता पडता.

गरज किती, हा पहिला प्रश्न. वर्षातून दोनदा धरणाकाठी जाणाऱ्या कुटुंबाला उंच तळाची, चांगल्या टायरांची साधी गाडीही बहुतेक वेळा पुरते. लडाख-स्पितीचे बेत आखणाऱ्यांना किंवा सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा पावसाळ्यातही तुडवणाऱ्यांना ‘फोर बाय फोर’ खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. केवळ रुबाबासाठी ती घेणाऱ्याला जादा इंधन आणि जादा देखभाल यांचा भुर्दंड मात्र रोजच सोसावा लागतो.

नावावर जाऊ नये

एकाच नावाची गाडी दोन्ही प्रकारांत विकली गेली असल्याने बाजारात मोठा घोळ होतो. महिंद्राची नवी थार २०२० मध्ये आली ती चारचाकी ताकदीचीच होती. परंतु जानेवारी २०२३ पासून तिची केवळ मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही विकली जाऊ लागली. बाहेरून दोघी बहिणी-बहिणी. जुन्या स्कॉर्पिओत ‘फोर बाय फोर’ मिळत असे, २०२२ च्या स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये ती नाही. टाटाच्या १९९८ पासूनच्या सफारीत आणि नंतरच्या स्टॉर्ममध्ये ती होती. २०२१ मध्ये त्याच नावाने आलेली नवी सफारी मात्र पुढच्या चाकांवर चालते. मागच्या दारावरची ‘४×४’ ही अक्षरे तर बाजारात सुटी विकत मिळतात. म्हणून गाडीतला वेगळा दांडा किंवा बटण पाहावे, नोंदणी पुस्तकातील मॉडेलचे पूर्ण नाव वाचावे आणि शेवटी खाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट डोळ्यांनी पाहावा.

रेनॉ डस्टरची २०१४ मध्ये आलेली ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ ही निराळी जात आहे. तिच्यात दगड-धोंड्यांत अतिसावकाश चढण्यासाठी लागणारा ‘लो’ गिअरचा संच नाही. पण घसरड्या वाटेवर ती निभावून नेते आणि महामार्गावर मोटारीसारखी चालते. कुटुंबाच्या सहलीसाठी हा प्रकार अनेकदा अधिक सोयीचा ठरतो. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि मित्सुबिशीच्या नव्या मोटारींची येथील विक्रीही बंद झाली. त्यामुळे एंडेव्हर आणि पजेरो या दमदार गाड्या तुलनेने स्वस्तात दिसतात. त्यांचे सुटे भाग आपल्या शहरात कोण देतो आणि किती दिवसांत देतो, याची चौकशी सौद्याआधी करावी.

बसण्याची सोयही पाहायला हवी. मारुती जिप्सी आणि २०२० पूर्वीची थार यांत मागची बाके बहुधा आडवी, समोरासमोर असतात. लांबच्या प्रवासात मुलांना तेथे बसवणे ना सुखाचे, ना सुरक्षिततेचे. २०२३ मध्ये आलेल्या पाच दारांच्या जिम्नीत चौघे नीट बसतात. पण मागची आसने उभी ठेवल्यास सामानाला २०८ लिटरचीच जागा उरते. तंबू, गाद्या, शेगडी आणि पाण्याचे कॅन मग टपावर जातात. टपावर वजन वाढले, की आधीच उंच असलेली गाडी वळणावर अधिक झुकते. आजी-आजोबा बरोबर असतील, तर त्यांना एकदा गाडीत चढवून-उतरवून पाहणे हीदेखील एक चाचणीच होय.

फार वापरलेली आणि कधीच न वापरलेली

जुन्या ‘फोर बाय फोर’मध्ये दोन प्रकारचे धोके असतात. एक उघड आहे : नदीनाल्यांतून, खडकांवरून, समुद्राच्या वाळूतून हौसेने पिदडलेली गाडी. दुसरा धोका सहसा लक्षात येत नाही. शहरातील मालकाने आठ-दहा वर्षांत चारचाकी दांड्याला हातच लावलेला नसतो. तो हे मोठ्या अभिमानाने सांगतो आणि खरेदीदारही खूष होतो. वास्तविक न हललेला दांडा जाम होतो, त्याचे सांधे गंजतात, तेल वर्षानुवर्षे बदलले जात नाही. काही जुन्या मॉडेलांत पुढच्या चाकांची जोडणी इंजिनाच्या निर्वातावर, म्हणजे व्हॅक्यूमवर होते. तिची रबरी नळी तडकलेली असेल, तर आतला दिवा लागतो आणि चाके मात्र जोडली जात नाहीत.

यासाठी चाचणी मुरमाच्या किंवा मातीच्या मोकळ्या जागेत घ्यावी. ‘फोर हाय’ लावून गाडी सरळ चालवावी, मग सावकाश वळवावी. त्यानंतर गाडी थांबवून ‘फोर लो’ टाकावा आणि पुन्हा मागच्या दोन चाकांवर यावे. दांडा अडकणे, करकर, घुरघुर किंवा धक्के ही दुखण्याची लक्षणे होत. हीच चाचणी कोरड्या काँक्रीटवर घेऊ नये. बहुतेक जुन्या गाड्यांत पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. कोरड्या रस्त्यावर वळताना चाकांना घसरायला वाव मिळत नाही, सारा ताण यंत्रणेत साठतो आणि धडधाकट गाडीही धक्के देते. विक्रेता डांबरी रस्त्यावर ‘फोर बाय फोर’ लावून मिरवू लागला, तर आधीही त्याने तेच केले असण्याचा संभव आहे.

नंतर गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवावी. दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केस यांचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरलेले आहे. शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहावेत, पुढच्या चाकांजवळची रबरी आवरणे फाटलेली नाहीत ना, हे तपासावे. चासीवर खडकाचे घाव, नंतर केलेले वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला, तर त्यामागचे कारण विचारावे. विकायच्या आदल्या आठवड्यात गाडीच्या पोटाला रंग कोण कशासाठी लावील?

कोकण किनाऱ्यावर राहिलेल्या गाड्यांत गंज हा मुख्य शत्रू. तो पत्र्यावर दिसण्याआधी चासीच्या आतल्या बाजूस आणि ब्रेकच्या नळ्यांवर दिसतो. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा आणि चिपळूणचा २०२१ चा महापूर ध्यानात ठेवून त्या सुमारास तेथे असलेल्या गाड्यांची पायाखालची सतरंजी उचलून पाहावी. आसनांच्या रुळांवरचा गंज आणि कोपऱ्यात वाळलेला गाळ सहसा लपत नाही.

टायर चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. बाजूवरील शेवटचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा व वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी केवळ शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी वापरली गेली असेल, तर धूर गाळणारी जाळी तुंबलेली असू शकते. ती बदलणे महाग पडते.

कागदपत्रांची वाट

मोठे टायर, उंच केलेले सस्पेन्शन, बदललेले इंजिन अशा सजवलेल्या जीपगाड्यांचे अनेकांना आकर्षण असते. तथापि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. आधीच्या मालकाची हौस नव्या मालकाला आरटीओच्या तपासणीत आणि विम्याच्या दाव्यात नडू शकते. इंजिन आणि चासीचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवली जाते. या नूतनीकरणाचे मोटारींसाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. चौदा वर्षांची जिप्सी स्वस्तात मिळत असेल, तर हा खर्च किमतीत धरावा.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांमागेही कारण आहे. तेथे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने काहीशी सवलत दिली, तरी जुन्या गाड्या बाहेर विकण्याचा ओघ त्या वर्षांत पडून गेला होता. अशी गाडी घेताना तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवा क्रमांक या साऱ्याचा हिशेब करावा. दिल्लीतली किंमत ही पुण्यातली किंमत नव्हे.

गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि अर्ज क्रमांक ३५ घेऊन बोजा उतरवल्याखेरीज पैसे पूर्ण देऊ नयेत. हस्तांतरासाठी अर्ज क्रमांक २९ आणि ३० लागतात. विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत जुन्या मालकाकडेच राहते. त्यामुळे विक्रेत्याने दाखवलेल्या हप्त्यापेक्षा पुढचा हप्ता अधिक येतो.