गुहागरचा किनारा आणि सागरी कासवे

चिपळूणहून पश्चिमेकडे सुमारे ४५ किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता संपला की गुहागर येते. रत्नागिरी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव समुद्राला समांतर असे लांबट वसले आहे. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्यभागी व्याडेश्वराचे मंदिर आणि वाड्यांच्या पाठीमागे सुरूच्या बनापलीकडे सुमारे सहा किलोमीटर लांबीचा मऊ वाळूचा किनारा. दुपारी येथील बाजारपेठही डुलकी घेते. घाईने आलेला पर्यटक पहिल्या दिवशी थोडा अस्वस्थ होतो. दुसऱ्या दिवशी तोही सावकाश चालू लागतो.

या शांततेचा लाभ घेणारा आणखी एक पाहुणा आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवमाद्या रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि खड्डा बुजवून पाण्यात परततात. त्यानंतर त्या अंड्यांकडे फिरकत नाहीत. पूर्वी कोकणात ही अंडी उकरून नेली जात; माणसापासून वाचलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी पडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश असला, तरी प्रत्यक्ष किनाऱ्यावरील संरक्षणास २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेने आरंभ केला. पुढे वन विभाग व ग्रामस्थ यांच्या सहभागाने हे कार्य इतर गावांत पसरले. गुहागर हे आज त्यातील एक प्रमुख ठिकाण आहे.

या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पहाटे कासवमित्र किनारा पायी तुडवतात. वाळूत उमटलेला माग सापडला की घरटे शोधून अंडी काही तासांच्या आतच कुंपण घातलेल्या संरक्षित जागेत हलविली जातात. उशीर झाल्यास आतील गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडे नुसते फिरले तरी दगावू शकते. नवा खड्डा मूळ खड्ड्याइतकाच खोल व त्याच आकाराचा घ्यावा लागतो. साधारणतः ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्यांचे प्रमाण वाढते. वाढत्या उन्हाळ्याच्या दिवसांत ही बाब चिंतेची ठरली आहे.

ही कासवे केवळ गुहागरची नाहीत. भारतीय वन्यजीव संस्था व महाराष्ट्राचा कांदळवन प्रतिष्ठान यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये येथे उपग्रह संदेशयंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट, ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे एकमेकांपासून अलग आहेत, ही समजूत त्यामुळे तपासून पाहावी लागत आहे.

अडचण अशी, की कासवांचा हंगाम आणि पर्यटकांचा हंगाम एकच आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू अंधारात अधिक उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धाव घेते. निसर्गतः तो उजेड समुद्राचा असतो. किनाऱ्यालगतच्या उपाहारगृहाचा प्रखर दिवा त्याला नेमके उलट दिशेस नेतो. अंडी घालावयास आलेली मादीही उजेड वा गडबड जाणवल्यास माघारी फिरते. वाळूवर दामटलेल्या मोटारींमुळे वाळू दबून घट्ट होते. टाकलेल्या उष्ट्यावर भटकी कुत्री पोसली जातात. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी मोठा निधी लागत नाही. दिव्यांना समुद्राच्या बाजूने आडोसा, किनाऱ्यावर उतरणाऱ्या वाटेवर वाहनांस अटकाव, कचऱ्याची रोजची उचल हे स्थानिक संस्थांच्या आवाक्यातील निर्णय आहेत. ज्या गावांत घरगुती निवासाची सोय आहे, तेथे कासवे पाहावयास येणाऱ्यांमुळे चार घरांत पैसाही येतो. तेव्हा अंधार राखणे हा गावाच्या व्यवहाराचाही भाग आहे, हे सदस्यांना पटविणे फारसे कठीण जाऊ नये.

शाळांच्या सहली न्यावयाच्या असल्यास फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासूनचा काळ बरा. पिल्ले सकाळी व सायंकाळी सोडली जातात. परंतु ती वेळापत्रक पाळत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करावी. पिल्लू हातात घेण्याचा हट्ट मुलांनी (आणि शिक्षकांनीही) धरू नये. ते स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत गेले पाहिजे. सुरूच्या बनात मान वर करून पाहिल्यास पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसण्याचा संभव असतो. धोपाव्याहून दाभोळकडे जाणाऱ्या फेरीबोटीतून खाडीचे दर्शन घडते. आणि एकही पिल्लू वर न आल्यास हेदवीची बामणघळ आहेच. मात्र तेथील उसळते पाणी पाहण्यासाठी भरतीची वेळ साधावी लागते.