एक दिवस दर्याकाठी : रत्नागिरी आणि भाट्ये



ऊस कारखान्याला गेला, पाचट आवरून खोडव्याला पहिलं पाणी पाजून झालं, की शेतकऱ्याला चार दिवस मान वर करायला सवड मिळते. याच दिवसांत गावोगावी सहलीची भाषा सुरू होते. गाडी ठरते, वर्गणी जमते आणि तीन दिवसांत अकरा ठिकाणं असा बेत पक्का होतो. मंडळी परत येतात ती डोळे तांबारलेली. काय पाहिलं म्हणून विचारावं तर गाडीतली गाणी आणि रात्रीचा मुक्काम एवढंच आठवतं.

शिवाय या गाडीत घरची बाई बहुधा नसते. तिला हौस नसते असं नाही. पण गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय असली की सकाळ-संध्याकाळची धार कुणाला चुकते? घर रात्रभर सोडायचं तर वैरण, धार, डेअरीचं दूध, म्हातारी माणसं असे दहा प्रश्न उभे राहतात. म्हणून पुरुष फिरून येतात आणि बायका त्यांच्याकडून ऐकतात. आपल्या भागात साठी ओलांडलेल्या कितीतरी आयाबाया अशा आहेत, की ज्यांनी घरचा ऊस चाळीस वर्षं पाहिला, पण समुद्र एकदाही पाहिला नाही. वास्तविक तो आपल्यापासून एका घाटापलीकडे आहे.

यावर उपाय एका दिवसाच्या सहलीचा. पहाटेची धार काढून निघायचं, संध्याकाळची एक धार शेजारणीवर सोपवायची आणि रात्री घरी परतायचं. पुढल्या आठवड्यात शेजारीण जाईल, तेव्हा तिची धार आपण काढायची. मात्र ठिकाणं दोनच ठेवायची : एक बंदराचं गाव आणि त्याला लागून असलेला एक किनारा. कोल्हापूर भागातून अशा सहलीला रत्नागिरी आणि भाट्ये यांच्याइतकी सोयीची जोडी दुसरी क्वचितच सापडेल.

पाणी जिथं वाट बदलतं

कोल्हापूर ते रत्नागिरी अंतर सुमारे १३० किलोमीटर. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर करत आंब्याला यावं, घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा या वाटेने रत्नागिरी गाठावी. वाटेत थांबत गेलं तरी चार तास पुरतात.

आंबा घाटाच्या माथ्यावर पाच मिनिटं अवश्य उतरा आणि पोरांना एक गोष्ट दाखवा. माथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस कडवी नदीतून वारणेला मिळतो, वारणा हरिपूरला कृष्णेत शिरते आणि ते पाणी आपल्या उसाला भिजवत थेट बंगालच्या उपसागराला जातं. पलीकडे पडलेला पाऊस काजळी नदीतून साखरप्यावरून वाहत त्याच जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळतो. ही काजळी जिथं समुद्रात शिरते, तिथंच भाट्याची खाडी आहे. म्हणजे संध्याकाळी आपण ज्या किनाऱ्यावर बसणार, तिथलं नदीचं पाणी सकाळी घाटात आपल्याला भेटलेलं असतं.

याच घाटवाटांनी पूर्वी आपला गूळ, मिरची आणि धान्य बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून खाली जाई आणि मीठ, खोबरं, सुकी मासळी वर येई. बंदराचं गाव आपल्याला परकं नाही, ते असं.

बंदराचं गाव

रत्नागिरीत पोचल्यावर आधी रत्नदुर्ग पाहावा. ऊन चढण्याआधी किल्ल्यावर फिरणं बरं. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंना समुद्र, आत भगवती देवीचं देऊळ आणि एका टोकाला दीपगृह. तटावर उभं राहिलं की बंदर म्हणजे काय ते न सांगता कळतं. डोंगराच्या आडोशाला बोटी, आणि आडोसा संपला की उघडा दर्या. बोटींच्या जमान्यात मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा तो जमाना मागे पडलेला होता.

किल्ल्यावरून उतरताना मिरकरवाडा बंदरात डोकवावं. नाकाला रुमाल लावून मागं फिरू नका. मासळी उतरताना, तिचा लिलाव होताना, बर्फाच्या गाड्या धावताना पाहिल्या की आपला गळीत हंगाम आठवल्याशिवाय राहत नाही. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. पकडलेली मासळी वेळेत बर्फात गेली नाही तर तिचं मोल तासातासाला उतरतं. त्यांनाही सहकारी संस्था आहेत, डिझेलची उधारी आहे आणि सक्तीची सुट्टी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. बियाणं राखल्याशिवाय पुढचं पीक नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

गावात पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण तीन ठिकाणं पुरेत. पहिलं टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर. २३ जुलै १८५६ रोजी ते इथं जन्मले. दुसरं पतितपावन मंदिर. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीर यांनी १९३१ साली स्वतःच्या पैशाने हे देऊळ उभं केलं आणि ते सर्व जातींना खुलं ठेवलं.

तिसरा थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. आज दिसतो तो वाडा १९१० साली पुरा झाला. १९१६ साली राजा इथंच वारला आणि त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. तीस वर्षं हा माणूस समुद्राकडे बघत राहिला, पण त्याच समुद्रावरून घरी जाण्याची परवानगी त्याला मिळाली नाही. वाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, नारळाच्या बागा आणि पलीकडचा किनारा असा सगळा देखावा दिसतो. तिथं घटकाभर बसा.

दुपारी जेवण. घरची भाकरी-चटणी असेल तर उत्तमच. पण एक वेळ तिथलं खा : मासे खाणाऱ्यांनी थाळी घ्यावी, माळकऱ्यांनी उकडीचे मोदक आणि सोलकढी. चालकाला मात्र जेवणानंतर दोन तास झोपू द्या. रात्री घाट चढायचा आहे.

भाट्याचा किनारा

मांडवीच्या बंधाऱ्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे दिसतो तो भाट्याचा किनारा. पूल ओलांडला की आलोच. सुमारे दीड किलोमीटरची सरळ, सपाट पुळण, मागे सुरूची झाडं आणि दुसऱ्या टोकाला डोंगराच्या पायथ्याशी झरी विनायकाचं देऊळ. इथं करण्यासारखं काही नाही, आणि तेच इथलं सुख. सतरंजी टाका, म्हाताऱ्यांना सावलीला बसवा, पोरांना वाळूत खेळू द्या. ज्या बाईला रोज चारला वैरणीचा भारा आठवतो, तिला एक दिवस चार वाजता नुसतं बसू द्या.

ज्यांचा जीव शेतीशिवाय रमत नाही, त्यांच्यासाठी भाट्यालाच कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. आधी कळवून गेलात तर पाहायला मिळतं. दोन माडांत साडेसात मीटर अंतर. मधली जागा मोकळी सोडलेली नाही : खोडावर काळी मिरी चढवलेली, माडांमध्ये जायफळ आणि दालचिनी, खाली केळी, अननस. या पद्धतीला तिथं 'लाखी बाग' म्हणतात. उसात आंतरपीक घेताना हात आखडणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

समुद्र म्हणजे विहीर नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचं. आपली पोरं विहिरीत आणि नदीत पोहायला पटाईत, आणि बुडतात ती हीच. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं धावतं. म्हणून पुढील गोष्टी गाडीत बसतानाच सर्वांना सांगाव्यात.

१) गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. लाट परतताना पायाखालची वाळू सरकते.

२) खाडीच्या मुखाजवळ, म्हणजे पुलाच्या बाजूला, पाण्यात उतरायचं नाही. ओहोटीला तिथलं पाणी जोराने समुद्राकडे ओढतं.

३) कुणी ओढलं गेलंच तर सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट नको. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडावं, मग काठाकडे वळावं. काठावरच्यांनी मागोमाग उड्या न टाकता दोर किंवा रिकामा बंद डबा फेकावा आणि स्थानिक लोकांना हाक मारावी.

४) तिथले लोक 'जाऊ नका' म्हणाले की जायचं नाही. दारू प्यालेल्याला पाण्याजवळ फिरकू द्यायचं नाही.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आपल्यालाही जमण्यासारखा आहे. पंधरवड्यातली जी तिथी असेल, तिची पाऊणपट करावी. तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, तर दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, ते दिवस टाळावेत. पोरांना घेऊन जायला अष्टमीच्या मागचे-पुढचे दिवस बरे.

जाण्याची तयारी

जानेवारी-फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात नको, कारण समुद्र खवळलेला असतो आणि घाटात दरडींचं भय असतं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात काय झालं ते सर्वांना आठवत असेल. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून माणसं नेण्याचा विचारही करू नये. चाळीस-पन्नास मंडळी जमली तर एस.टी.ची बस प्रासंगिक करारावर मिळते. गणपतीपुळे, पावस जवळच आहेत म्हणून 'जाता जाता तेही करू' असं कुणीतरी म्हणेलच. त्याला सांगावं, ते पुढच्या वर्षी. खरेदीला आमसुलं आणि आंबापोळी एवढं बस्स. सुकी मासळी घेतलीच तर डब्यात बंद करून आणा.

सूर्य पाण्यात बुडाला की रेंगाळू नका, गाडीत बसा. दहा-साडेदहाला घर येतं आणि पहाटेच्या धारेला खाडा पडत नाही.

गावातल्या महिला मंडळांनी आणि दूध संस्थांनी मनावर घेतलं, तर आळीपाळीने धारेची सोय करून प्रत्येक गल्लीची एक गाडी सहज निघेल. यंदाच्या उसाच्या बिलातून बी-बियाणं, खत, सोसायटीचा हप्ता हे सगळं बाजूला काढाल, तेव्हा घरच्या माउलीसाठी एका दिवसाचं गाडीभाडंही काढून ठेवा.